पदवी हातीं आली. पुढें वाट कोणती?

दरवर्षीं जून-जुलैच्या सुमारास विद्यापीठाचे निकाल लागतात, आणि त्या निकालांबरोबर हजारों घरांत एक प्रश्न उभा राहतो. मुलगा पदवीधर झाला, मुलगी पदवीधर झाली, पेढे वांटले गेले, शेजाऱ्यांनीं अभिनंदन केलें. आतां पुढें काय? ज्या घरांत हा प्रश्न विचारला जातो तीं घरें श्रीमंतांचीं नव्हत. श्रीमंताच्या मुलाचें पुढें काय व्हावयाचें तें बहुधा त्याच्या जन्माबरोबरच ठरलेलें असतें. हा प्रश्न कारखान्यांत रात्रपाळी करून आलेल्या बापाच्या घरांत, दुसऱ्याच्या घरचीं धुणींभांडीं करून मुलास बी. कॉम. केलेल्या आईच्या घरांत, आणि दोन एकर कोरडवाहू जमिनीवर कर्ज काढून धाकट्यास शहरांत ठेवणाऱ्या थोरल्या भावाच्या घरांत विचारला जातो. त्याचें उत्तर देण्याचें काम मात्र आज कोणाकडेच सोंपविलेलें नाहीं. महाविद्यालय म्हणतें, आमचें काम शिकविण्याचें. कारखानदार म्हणतो, माझें काम माल तयार करण्याचें. सरकार म्हणतें, आम्हीं योजना जाहीर केल्या आहेत. ह्या तिघांच्या मध्यें जी मोकळी जागा राहते तींत एक चौथा गृहस्थ शिरतो, आणि तो म्हणजे मध्यस्थ. पदवी आणि पहिली नोकरी ह्यांमधील रस्ता ह्या मध्यस्थाच्या ताब्यांत गेला आहे, आणि तो त्याच्या हातून काढून घेतल्यावांचून आमच्या तरुणांची दैना संपावयाची नाहीं, हें आज आम्हांस सांगावयाचें आहे.

सांगवीचें उदाहरण आम्ही मुद्दाम घेतों. पवना आणि मुळा ह्या नद्यांच्या कांठीं वसलेलें हें एके काळचें खेडें आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंतील गजबजलेलें उपनगर झालें आहे. पूल ओलांडला कीं औंध, तेथें सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्था. त्यापुढें गणेशखिंड, आणि तेथें १९४९ सालीं स्थापन झालेलें पुणें विद्यापीठ, ज्यास आतां सावित्रीबाई फुले यांचें नांव आहे. खुद्द सांगवींत बाबूराव घोलप महाविद्यालय आहे. दुसऱ्या अंगास दापोडी-कासारवाडी ओलांडून गेलें कीं पिंपरी, भोसरी व आकुर्डी. नाशिक रस्त्यानें वीस-पंचवीस किलोमीटरांवर चाकण. आणि पश्चिमेस हिंजवडीच्या संगणक कंपन्या. म्हणजे एका हातास विद्या व दुसऱ्या हातास उद्योग अशी ह्या गांवाची स्थिति आहे. महाराष्ट्रांत पदवीधरास नोकरी शोधणें जेथें सर्वांत सोपें जावें अशीं गांवें निवडावयाचीं झाल्यास सांगवीचें नांव त्यांत अगदीं वर घालावें लागेल. येथील पदवीधरच जर चांचपडत असेल, तर गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या पदवीधराची काय कथा?

हा उद्योगपट्टा आपोआप उगवलेला नाहीं. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन होऊन ह्या भागांतील शेतजमिनी कारखान्यांकरितां संपादन होऊं लागल्या. त्याच दशकांत टेल्को आणि बजाज ह्यांचे कारखाने येथें उभे राहिले. १९८२ सालीं महानगरपालिका झाली, आणि २००९ सालीं चाकणला परदेशी कंपन्यांच्या मोटारी तयार होऊं लागल्या. ह्या सर्वांस जमीन ह्या मुलखानें दिली, आणि रस्ते, पाणी व वीज हीं सार्वजनिक पैशांतून आलीं. ह्या ऋणाची जाणीव पूर्वींच्या कांहीं कारखानदारांस होती असें म्हणावयास आधार आहे. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं कुंडलच्या माळावर कारखाना मांडला तेव्हां 'तयार माणूस मिळत नाहीं' असें रडगाणें ते गात बसले नाहींत. आसपासच्या खेड्यांतून आलेल्या माणसांस शिकवूनच त्यांनीं आपले कारागीर घडविले. टेल्कोचा पुण्याचा कारखाना उभारतांना सुमंत मूळगांवकर यांनीं शिकाऊ उमेदवारांच्या शिक्षणास अग्रस्थान दिलें. माणूस घडविणें हा कारखान्याच्या कामाचाच भाग आहे, ही ती दृष्टि होती. आज ती दृष्टि पुष्कळ ठिकाणीं लोपली असून तिच्या जागीं, माणूस तयार पाहिजे, स्वस्त पाहिजे आणि नको होईल त्या दिवशीं परत करतां आला पाहिजे, ही दृष्टि आली आहे.

आतां ह्या दृष्टीचा सांगवीच्या पदवीधरास काय अनुभव येतो तें पाहूं. निकालानंतर पहिला महिना तो संगणकावर अर्ज पाठविण्यांत घालवितो. एकेका जागेस शेंकडों अर्ज जातात, उत्तर बहुधा कोठूनच येत नाहीं, आणि जी जाहिरात येते तींत एक-दोन वर्षांचा अनुभव मागितलेला असतो. नोकरी नाहीं म्हणून अनुभव नाहीं आणि अनुभव नाहीं म्हणून नोकरी नाहीं, ह्या रहाटगाडग्यांत दोन-तीन महिने फिरल्यावर त्यास कोणी तरी सांगतें कीं असें सरळ मार्गानें कांहीं होत नसतें, अमुक एका कन्सल्टन्सीकडे जा. तेथें कोठें नोंदणीचे, कोठें गणवेशाचे, कोठें 'ट्रेनिंग'चे म्हणून पैसे मागितले जातात. कांहीं ठिकाणीं पैसे घेऊन कार्यालयच नाहींसें होतें. अशा फसवणुकीच्या बातम्या पुण्याच्या वर्तमानपत्रांत वारंवार येतात. जेथें खरोखर काम मिळतें, तेथें तें कंपनीचें नसून ठेकेदाराचें असतें. पहांटे कंपनीची बस येते, कंपनीच्या फाटकांतून तो आंत जातो, कंपनीच्या यंत्रावर कंपनीचा माल तयार करतो किंवा कंपनीचा हिशेब लिहितो. पण त्यास नोकरीवर कोणी ठेवलें असें विचारल्यास त्याला धड उत्तर देतां येत नाहीं. वेतन तोंडी ठरलेलें, नेमणूकपत्र नाहीं, भविष्य निर्वाह निधि कापला जातो तो भरला जातो कीं नाहीं ठाऊक नाहीं. आणि सहा-सात महिने झाले कीं 'ब्रेक'. मग पुन्हां पहिल्यापासून आरंभ. दोन वर्षांनीं हा तरुण दुसरीकडे अर्ज करतो तेव्हां त्याच्या दोन वर्षांच्या श्रमांचा एकहि कागदी पुरावा त्याच्याजवळ नसतो. ज्या अनुभवाकरितां त्यानें हें सर्व सोसलें तो अनुभवच त्याच्या हातून गेलेला असतो!

हें चित्र अपवादात्मक आहे असें कोणीं समजूं नये. केंद्र सरकारची कारखान्यांची जी वार्षिक पाहणी प्रसिद्ध होते तिच्या २०२२-२३ च्या आंकड्यांप्रमाणें देशांतील संघटित कारखान्यांमधील कामगारांपैकीं शेंकडा चाळीस कामगार ठेकेदारांमार्फत लावलेले होते. दर पांच माणसांत दोन माणसें जेथें अशा रीतीनें नेमलीं जातात, तेथें ठेकेदार हा कारखान्याचा दुसरा दरवाजाच झाला म्हणावयाचा; आणि नव्या माणसाच्या वांट्यास बहुधा हाच दरवाजा येतो.

ह्यावर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो. तो असा कीं पदवीधर आळशी आहेत, त्यांस खुर्चीवर बसून काम पाहिजे, हातास तेल लागलें कीं त्यांची अब्रू जाते. काम पुष्कळ आहे, करणारा नाहीं. ह्या आक्षेपांत सत्याचा अंश आहे, आणि तो आम्ही नाकारीत नाहीं. अंगमेहनतीच्या कामास हलकें मानण्याची जी खोड जातिभेदानें आमच्या समाजास लावली ती पदवीनें गेलेली नाहीं. उलट पुष्कळ ठिकाणीं पदवीनें तिला नवें वस्त्र मात्र नेसविलें. आय. टी. आय. झालेल्या फिटरास मुलगी देण्यास कां कूं करणारा बाप बेकार एम. ए. स स्थळ म्हणून पसंत करतो, हें आम्ही नित्य पाहतों. तलाठ्याच्या साडेचार हजारांहून कांहीं अधिक जागांसाठीं २०२३ सालीं दहा लाखांहून अधिक अर्ज आले, ह्याच्या मुळाशीं सरकारी नोकरीच्या शाश्वतीची ओढ तर आहेच, पण तिच्या प्रतिष्ठेची हांवहि आहे. एका जागेस दोनशेंहून अधिक उमेदवार! म्हणजे ज्यांची निवड होणें शक्यच नाहीं अशा लाखों तरुणांचीं उमेदीचीं तीन-चार वर्षें अभ्यासिकेंत गेलीं. एक ठराविक मुदत घालून, तिच्या आंत यश न आल्यास दुसरा मार्ग धरण्याचें धैर्य तरुणांनीं व त्यांच्या आईबापांनीं दाखविलें पाहिजे, हें आम्ही स्पष्टपणें सांगतों.

परंतु ह्या अंशावरून संपूर्ण दोष पदवीधराच्या माथीं मारणें हा शुद्ध अन्याय होय. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनें २०२४ सालीं भारतांतील रोजगाराविषयीं जो अहवाल प्रसिद्ध केला त्यांत असें दिसून येतें कीं २०२२ सालीं तरुण पदवीधरांत बेकारीचें प्रमाण शेंकडा २९.१ होतें, आणि ज्यांस लिहितांवाचतां येत नाहीं अशा तरुणांत तें अवघें ३.४ होतें. हे आंकडे वाचून कित्येक उतावळे लोक असें अनुमान काढतात कीं शिक्षणानें माणूस निकामी होतो. हें अनुमान चुकीचें आहे. निरक्षर मजुरास बेकार राहणें परवडतच नाहीं. आज कामावर गेला नाहीं तर संध्याकाळीं चूल पेटत नाहीं, म्हणून मिळेल तें काम मिळेल त्या दरानें तो करतो आणि आंकड्यांत 'कामावर' म्हणून मोजला जातो. पदवीधरामागें कोणी तरी कमावतें माणूस उभें असतें, म्हणून तो कांहीं काळ थांबूं शकतो. थांबणें हा त्याचा आळस नव्हे. पंधरा वर्षांच्या शिक्षणाचें मोल मातीमोल होऊं नये म्हणून केलेली ती धडपड आहे. प्रश्न एवढाच कीं ह्या थांबण्याच्या काळांत त्यास खरी माहिती कोण देतो? कोणत्या कारखान्यांत किती जागा आहेत, त्यांस कोणतें कौशल्य लागतें, पगार काय, नेमणूक कोण करणार, ह्यांपैकीं एकहि गोष्ट त्यास निश्चित कळत नाहीं. अंधारांत चांचपडणाऱ्यास 'तूं नीट चालत नाहींस' म्हणून दोष देण्यापूर्वीं रस्त्यावर दिवा लावला होता काय, हें विचारलें पाहिजे.

दुसरा एक आवाज ह्या पट्ट्यांत वरचेवर ऐकूं येतो. तो म्हणतो, परप्रांतीयांस काढा म्हणजे भूमिपुत्रांस जागा मिळतील. स्थानिकांचा हक्क आम्ही मानतों. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या मुलांचा पहिला मान आहे, आणि स्थानिकांस शेंकडा ऐंशी जागा द्याव्या असें महाराष्ट्र सरकारचें जाहीर धोरणहि आहे. परंतु धोरण म्हणजे कायदा नव्हे. हरियाणा सरकारनें ह्या विषयावर खासगी नोकऱ्यांकरितां कायदाच केला, तो २०२३ च्या नोव्हेंबरांत तेथील उच्च न्यायालयानें घटनाबाह्य म्हणून रद्द ठरविला, हें विसरून चालणार नाहीं. आणि न्यायालय बाजूस ठेवलें तरी व्यवहार काय सांगतो? बिहारचा मुलगा आणि बीडचा मुलगा हे दोघेहि एकाच ठेकेदाराच्या यादींत असतात. एकाचा पगार कमी ठेवतां यावा म्हणून दुसऱ्याची भीति त्यास दाखविली जाते. त्यांचें भांडण लागण्यांत हित कोणाचें आहे हें उघड आहे. शिवाय ज्यांच्या तोंडीं भूमिपुत्रांची भाषा सर्वांत मोठ्यानें येते, त्यांच्यापैकींच कांहींजण माणसें पुरविण्याचे ठेके मिळविण्यासाठीं कारखान्यांच्या फाटकांवर दबाव आणतात, अशा तक्रारी उद्योजकांनीं जाहीरपणें केल्या आहेत. भूमिपुत्राच्या नांवानें ठेका मिळवावयाचा आणि त्याच भूमिपुत्रास तुटपुंज्या वेतनावर सात महिने राबवून घरीं पाठवावयाचें, ह्यास देशाभिमान म्हणत नाहींत.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. आमच्या देशांत ह्या विषयावर कायद्यांची उणीव कधींच नव्हती. १९५९ च्या कायद्यानें पंचवीस किंवा अधिक माणसें कामावर असलेल्या खासगी मालकांसहि रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयास कळविणें बंधनकारक केलें. परंतु त्याच कायद्यांत अशी पळवाट होती कीं जागा कळवावी, पण त्या कार्यालयामार्फत भरलीच पाहिजे असें नाहीं. परिणाम असा झाला कीं कार्यालयाच्या वह्या नांवांनीं भरल्या आणि जागा दुसऱ्याच वाटेनें भरल्या गेल्या. १९६१ सालीं शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. २०१९ च्या नियमांप्रमाणें तीस किंवा अधिक माणसें असलेल्या प्रत्येक आस्थापनेनें, कंत्राटी माणसें धरून, एकूण संख्येच्या शेंकडा अडीच ते पंधरा इतके शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत. आणि पदवीधर उमेदवारास दरमहा किमान नऊ हजार रुपये विद्यावेतन त्या नियमांनीं ठरविलें. हा कायदा केवळ फिटर-टर्नरांपुरता नाहीं, बी. ए., बी. कॉम., बी. एस्सी. झालेल्यांसहि तो लागू आहे. सांगवींतील किती पदवीधरांस ही गोष्ट ठाऊक आहे? त्यांच्या महाविद्यालयानें त्यांस ती सांगितली आहे काय?

२०२५ च्या नोव्हेंबरच्या २१ तारखेपासून केंद्र सरकारनें चार नव्या श्रमसंहिता अंमलांत आणल्या. त्यांविषयीं कामगार संघटनांचे गंभीर आक्षेप आहेत, आणि त्यांतील कांहीं आम्हांस मान्यहि आहेत. उदाहरणार्थ, ठेकेदारीच्या जुन्या केंद्रीय कायद्याची मर्यादा वीस माणसांची होती ती आतां पन्नास झाली. म्हणजे एकोणपन्नास माणसें पुरविणारा ठेकेदार परवान्याच्या कक्षेबाहेर राहिला, आणि सत्तर माणसांचा ठेका दोन नांवांवर वांटून घेण्यास फार मोठी बुद्धि लागत नाहीं. तथापि ह्याच संहितांत दोन तरतुदी अशा आहेत कीं ज्यांचा आधार प्रत्येक पदवीधरानें घेतला पाहिजे. पहिली, दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेंत कामावर घेतलेल्या प्रत्येकास लेखी नेमणूकपत्र देणें हें मालकाचें कर्तव्य ठरलें आहे. दुसरी, आस्थापनेच्या मुख्य कामावर ठेकेदाराचीं माणसें लावण्यास, कांहीं अपवाद सोडून, मनाई आहे. मोटार जोडणें हें मोटारीच्या कारखान्याचें मुख्य काम नव्हे, असें कोणता विद्वान् सिद्ध करणार आहे? अपवादांची फट मोठी आहे हें खरें. पण जो हक्क कोणी मागतच नाहीं त्यांतील फटी बुजविण्याची चिंता सरकारास कां पडावी?

कायद्यांप्रमाणें योजनांचीहि येथें रेलचेल आहे. २०१३ सालीं 'नीम' नांवाची योजना निघाली; शिकवावयाचें म्हणून तरुण घ्यावयाचे आणि प्रत्यक्षांत नेहमींच्या कामगारांच्या जागीं राबवावयाचे, अशा तक्रारी तिजविषयीं ह्या पट्ट्यांत झाल्या, आणि पुढें ती बंद करावी लागली. २०२४ सालीं राज्य सरकारनें मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढून पदवीधरास दरमहा दहा हजार रुपये प्रथम सहा महिने देऊं केले. मुदत पुढें अकरा महिन्यांपर्यंत वाढली, पण ती संपल्यावर पुढें काय, हा प्रशिक्षणार्थींचा प्रश्न जागच्या जागींच राहिला. त्याच वर्षीं केंद्र सरकारनें पांच वर्षांत एक कोटि तरुणांस पांचशें मोठ्या कंपन्यांत उमेदवारी देण्याची घोषणा केली. पहिल्या फेरींत सुमारें ८२ हजार जागा देऊं केल्या असतां त्या स्वीकारणारे सुमारें २८ हजारच निघाले. कारण शोधण्यास दूर जावयास नको. दरमहा पांच हजार रुपयांत लातूरच्या मुलानें सांगवींत खोली घ्यावी, खानावळीचे पैसे भरावे आणि रोज चाकणला जावें, हें गणित करणारानें पुण्याच्या खोलीचें भाडें कधीं विचारलेलें दिसत नाहीं. विद्यावेतनानें कांहीं महिन्यांची सोय होते, त्याबद्दल आम्ही सरकारास दोष देत नाहीं. परंतु ज्या प्रशिक्षणाच्या शेवटीं नोकरीचा दरवाजा नाहीं, तें प्रशिक्षण म्हणजे बेकारीच्या मुदतीस दिलेली वाढ होय.

मुलींचा विचार येथें स्वतंत्रपणें केला पाहिजे. महाविद्यालयांच्या निकालांत मुली मागें नाहींत. नोकरीच्या शोधांत मात्र त्यांची वाट पहिल्या दोन-तीन वळणांवरच अडविली जाते. चाकण फार दूर, पाळी रात्रीची, बस सुनसान रस्त्यावर सोडते, आणि लग्न तर पुढल्या वर्षीं करावयाचेंच आहे, ह्या कारणांनीं पुष्कळ घरांत मुलीची पदवी स्थळाच्या माहितीपत्रकांतील एक ओळ होऊन राहते. नव्या संहितेप्रमाणें स्त्रियांस त्यांच्या संमतीनें रात्रपाळीस घेतां येतें, पण त्यांच्या सुरक्षिततेची व जाण्यायेण्याची सोय मालकानें केली पाहिजे. आईबापांनीं मुलीस घरीं बसविण्याऐवजीं त्या सोयीची मागणी केली, तर ती त्यांच्या मुलीसच नव्हे तर गल्लींतील दहा मुलींस उपयोगी पडेल. सावित्रीबाईंचें नांव ज्या विद्यापीठास आहे त्याची पदवी मुलीच्या हातीं द्यावयाची आणि तिला उंबऱ्याच्या आंत ठेवावयाचें, ह्यासारखी विसंगति दुसरी नाहीं.

मग करावें काय? आमच्या सूचना थोड्या आहेत, आणि त्यांस मोठा खर्च लागत नाहीं.

पहिली सूचना महाविद्यालयांस. प्रत्येक महाविद्यालयानें मागील तीन वर्षांत आपल्याकडून पदवी घेतलेल्या विद्यार्थ्यांचें पुढें काय झालें, किती कामावर आहेत, किती ठेकेदारीवर आहेत, किती घरीं आहेत, ह्याची यादी नांवें न देतां केवळ संख्येनें दरवर्षीं प्रवेशाच्या वेळीं जाहीर करावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें पदवीच्या अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कामाच्या अनुभवास स्थान दिलें आहे. त्या अनुभवाचें प्रमाणपत्र ओळखीच्या दुकानदाराकडून शिक्का मारून आणलें जातें, कीं विद्यार्थी खरोखर कामावर गेला होता, हेंहि त्या अहवालांत यावें. ज्या महाविद्यालयास आपल्या विद्यार्थ्यांचें काय झालें हें माहीत नाहीं, त्यास आपल्या शिक्षणाचें काय झालें हें माहीत असणें शक्य नाहीं.

दुसरी कारखानदारांस. प्रत्येक कारखान्यानें आपल्या फाटकावर मराठींत एक फलक लावावा. रिकाम्या जागा किती, शिकाऊ उमेदवारांच्या जागा कायद्याप्रमाणें किती व भरलेल्या किती, वेतन काय, आणि आपणांस माणसें पुरविणारे ठेकेदार कोण, एवढ्या चार गोष्टी त्यावर असाव्या. ठेकेदार लहान असो वा मोठा, त्याचें नांव फलकावर आलें कीं परवान्याची पळवाट अर्धी बुजते. ज्यास चोरी करावयाची नाहीं त्यास ह्या उजेडाची भीति वाटण्याचें कारण नाहीं; आणि चांगल्या कारखानदारांस तर ह्यांत लाभच आहे, कारण आज त्यांचें नांव वापरून बाजारांत जे खोटे 'एजंट' फिरतात त्यांचा धंदा ह्या एका फलकानें बसेल.

तिसरी सरकारास व महानगरपालिकेस. नवी योजना काढण्यापूर्वीं जुन्या कायद्याची अंमलबजावणी करावी. शेंकडा अडीच शिकाऊ उमेदवार कोणीं घेतले नाहींत ह्याची यादी दर सहा महिन्यांनीं प्रसिद्ध करावी. रोजगार मेळाव्यांत हजारों निवडी झाल्या असें सांगितलें जातें; त्यांपैकीं सहा महिन्यांनीं कामावर किती उरले तो आंकडाहि त्याच ठळक अक्षरांत छापावा. आणि सांगवीसारख्या वस्तींत, जेथें महानगरपालिकेच्या इमारतींस तोटा नाहीं, एक खोली अशी उघडावी कीं जेथें अर्ज लिहिण्यास, नेमणूकपत्र वाचून घेण्यास आणि तक्रार नोंदविण्यास फुकट मदत मिळेल. आमच्या व्यवसायबंधूंपैकीं, म्हणजे वकिलांपैकीं, कांहींनीं आठवड्यांतून एक संध्याकाळ ह्या कामास दिल्यास तो त्यांच्या विद्येचा सदुपयोगच होईल.

चौथी आणि शेवटची सूचना तरुणांस. नोकरीकरितां कोणासहि एक पैसा देऊं नका. पगार देणारा मालक उमेदवाराकडून पैसे मागत नाहीं. जो मागतो तो नोकरी विकत नसून तुमची गरज विकत असतो. नोकरीचें खोटें आमिष दाखवून पैसे घेणें ही भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमाखालीं फसवणूक आहे. फसलांत तर लाजेनें गप्प बसूं नका, फिर्याद द्या, म्हणजे पुढचे दहाजण वांचतील. कामावर जाण्यापूर्वीं तीन गोष्टी लेखी मागा: नेमणूक कोण करतो, वेतन किती, आणि भविष्य निर्वाह निधीचा खातेक्रमांक कोणता. एकट्यानें मागितल्यास 'उद्यां येऊं नकोस' असें उत्तर मिळेल, हें आम्ही जाणतों. म्हणून पांचजणांनीं मिळून मागा, आणि नाहीं म्हटल्यास श्रम आयुक्तांच्या कार्यालयाकडे पांचांच्या सह्यांचा अर्ज करा. वशिल्याच्या चिठ्ठीकरितां पुढाऱ्याच्या दारीं जें बळ तुम्ही खर्च करतां त्याच्या निम्मेंहि बळ ह्या कामास पुरेल. चिठ्ठीनें मिळालेली नोकरी चिठ्ठी देणाराच्या मर्जीवर टिकते, आणि मतदानाच्या दिवशीं तिचें व्याज मागितलें जातें. ती चिठ्ठी तुमच्या जातीच्या, गांवच्या किंवा पक्षाच्या नांवानें मिळत असेल तर ज्याला जात, गांव व पक्ष ह्यांपैकीं कोणाचाच आधार नाहीं त्या तुमच्याच बांकावरील विद्यार्थ्याचा घास तुम्ही काढून घेतां, हेंहि लक्षांत असूं द्या. आणि हातानें करावयाच्या कामास लाजूं नका. लाजावयाचें असेल तर विनाकागद, विनाहक्क राबविले जाण्यास लाजा. यंत्रावर उभें राहण्यास लाजण्याजोगें कांहीं नाहीं.

स्वराज्य मिळून पाऊणशें वर्षें होऊन गेलीं. परक्यांचें राज्य असतांना आम्ही म्हणत होतों कीं हीं विद्यापीठें कारकून निपजविण्याकरितां काढलेलीं आहेत, आणि आपल्या हातीं कारभार आला म्हणजे आपण माणसें घडवूं. कारभार आला, कारखाने आले, विद्यापीठें वाढलीं. आतां ठेकेदाराच्या यादींतील एक आंकडा होण्यापलीकडे आमच्या पदवीधरास आम्ही कांहीं देऊं शकत नसूं, तर त्या जुन्या टीकेचा अधिकार आम्हांस राहिला काय? कायदा आमचा आहे, सरकार आमचें आहे, कारखाने आमच्या जमिनीवर उभे आहेत आणि मुलेंहि आमचींच आहेत. पुढील जूनमध्यें जेव्हां पुन्हां निकाल लागतील, तेव्हां सांगवीच्या एका तरी महाविद्यालयाच्या दारांत ती संख्येची यादी लागलेली असावी, भोसरी-चाकणच्या दहा तरी फाटकांवर तो फलक असावा, आणि कामावर जाणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाच्या व मुलीच्या हातीं नेमणूकपत्र असावें. ह्यांपैकीं एकाहि गोष्टीस नवा कायदा करावा लागत नाहीं. त्या मागणारीं माणसें मात्र हवीं आहेत.